निळा रंग उमटेपर्यंतची वीज

उघड्या हवेत ठेवलेल्या मेथॅनॉलमध्ये २५ अंश सेल्सिअसला दर लिटरमागे सुमारे २ मिलीमोल ऑक्सिजन विरघळलेला असतो. पाण्यात तो जेमतेम ०.२६ मिलीमोल. अ‍ॅसिटोन, टोल्युइन, हेक्झेन यांतही ऑक्सिजन पाण्याच्या कितीतरी पट मुरतो आणि प्रयोगशाळेत तो नको तिथे नडतो. लिथियमची सेंद्रिय संयुगे वाया जातात, मुक्त मूलकांवर (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या कणांवर) चालणारे बहुलकीकरण, म्हणजे लहान रेणू जोडून लांब साखळ्या करणे, अडून बसते. म्हणून द्रावकातून (विरघळवणाऱ्या द्रवातून) नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात. पण ऑक्सिजन किती उरला हे न मोजता ‘अर्धा तास पुरे’ म्हणणे हा निव्वळ अंदाज झाला.

पाण्यासाठीच्या पद्धती इथे हात टेकतात. विंकलर यांची १८८८ची पद्धत मँगनीज हायड्रॉक्साइडच्या साक्यावर उभी आहे, तिला पाणीच हवे. क्लार्क यांच्या १९५६च्या इलेक्ट्रोडवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. अनेक द्रावक त्यात शिरून तो फुगवतात आणि आकडा भरकटतो.

मग पडदाच नको. रंजक थेट द्रावकात विरघळवायचा. मिथाइल व्हायोलोजेन हे त्यातले उत्तम उदाहरण. मूळ रूपात ते रंगहीन असते. ऋणाग्रावर (विजेच्या ऋण टोकावर) एक इलेक्ट्रॉन मिळाला की गडद निळे होते. ऑक्सिजन समोर आला की तो इलेक्ट्रॉन लगेच त्याला देऊन टाकते आणि पुन्हा रंगहीन होते. त्यामुळे बंद भांड्यात वीज सोडली की सुरुवातीला ऋणाग्राजवळ निळ्या रेघा उठतात आणि ढवळताच विरतात. ऑक्सिजन संपला की मात्र निळा रंग सगळीकडे पसरतो आणि टिकतो. तोवर किती वीज गेली, तेच आपले माप.

१० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये २० मायक्रोमोल ऑक्सिजन आहे असे धरू. प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन परॉक्साइड होतो. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कुलोम, म्हणून लागतील सुमारे ३.८६ कुलोम. १० मिलिअँपिअर प्रवाहाने हे काम साधारण साडेसहा मिनिटांत उरकते. धनाग्र मात्र सच्छिद्र काचेआड वेगळे ठेवावे लागते, नाहीतर तिथे तयार झालेले पदार्थ येऊन निळा रंग खाऊन टाकतात आणि हिशेब फुगतो.

खरी मेख ‘दोन इलेक्ट्रॉन’ या शब्दांत आहे. मेथॅनॉल प्रोटॉन पुरवते, म्हणून परॉक्साइडपर्यंत मजल जाते. कोरड्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये प्रोटॉनच नसतात. तिथे ऑक्सिजन एकच इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड आयन बनतो. शिवाय त्या आयनाला सावरून धरणारे पाण्याचे रेणू नसल्याने ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घ्यायला फारसा राजी नसतो, आणि व्हायोलोजेनचा जोर अपुरा पडतो. थोडे पाणी वा आम्ल घातले की चित्र पालटते. म्हणजे कोरडेपणाची खात्री नसेल, तर त्याच विजेतून निघणारे उत्तर दुप्पट चुकू शकते. माझ्या मते या पद्धतीत सर्वाधिक काळजी इथेच घ्यावी: त्याच द्रावकात, पाण्याचे तेवढेच प्रमाण ठेवून, ऑक्सिजनचे प्रमाण ठाऊक असलेल्या नमुन्यावर आधी अंशांकन करून, म्हणजे माप पडताळून घ्यावे.

ऑक्सिजन अगदीच थोडा असेल, तर क्रम उलटा करतात. आधी निळे द्रावण तयार ठेवायचे, नमुना हवा लागू न देता सुईने त्यात सोडायचा आणि ६०० नॅनोमीटरच्या आसपास रंग किती फिका झाला ते पाहायचे. इथे टेफ्लॉनच्या नळ्या टाळलेल्या बऱ्या, कारण त्यांच्या भिंतींतून हवेतला ऑक्सिजन आत झिरपतो.