गुडघ्यामागची धमनी: बांधण्यापासून जोडण्यापर्यंत

गुडघ्यामागच्या धमनीला पर्यायी वाटा थोड्या आणि बारीक आहेत, म्हणून ती तुटली की खालचा पाय लगेच धोक्यात येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जखमींचा डीबेकी आणि सिमिओन या शल्यचिकित्सकांनी १९४६ मध्ये आढावा घेतला. धमनीच्या २,४७१ जखमांपैकी शिवून दुरुस्त केलेल्या फक्त ८१ होत्या; बहुतेक वेळा रक्तस्राव थांबवायला धमनी बांधून टाकत. गुडघ्यामागची धमनी गेलेल्या सुमारे ७२ टक्के जखमींचा पाय कापावा लागला.

कौशल्य नव्हते असे नाही. धमन्या जोडण्याची शल्यचिकित्सक कॅरेल यांची पद्धत १९०२ पासून माहीत होती. अडचण वेळेची होती. रक्त न मिळालेले स्नायू साधारण सहा तासांनी कायमचे मरू लागतात आणि जखमी त्याआधी टेबलावर पोहोचतच नव्हते. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टर आणि आघाडीजवळची शस्त्रक्रिया केंद्रे आली, धमन्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि सगळ्या धमन्या धरून हात किंवा पाय गमावण्याचे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. व्हिएतनाम युद्धातल्या धमनीच्या हजार जखमांच्या नोंदीतही एकूण आकडा तेवढाच राहिला. गुडघ्यामागच्या धमनीचा मात्र ३० टक्क्यांच्या आसपास.

१९५३ मध्ये सेल्डिंगर यांनी तारेवरून नळी सरकवायची रीत दाखवली आणि अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत डाय (एक्स-रेत दिसणारे द्रव्य) सोडून तिचे चित्र घेणे, सोपी झाली. पुढे गुडघा निखळला की सरसकट ही तपासणी होऊ लागली; बहुतेक चित्रे सामान्य निघत. १९९१ च्या सुमारास डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ओळखणाऱ्या यंत्राने) घेतलेला घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब हा साधा हिशेब पुढे आला. ०.९ पेक्षा कमी आला तरच चित्र घ्यायचे. आज ते सीटी अँजिओग्राफीने मिळते. पण छऱ्यांच्या धातूमुळे चित्र खराब होते, आणि शॉकमध्ये आकसलेली धमनी बंद पडल्यासारखी दिसू शकते.

नाडी नाही, रक्ताची चिळकांडी किंवा वाढती सूज असेल तर सीटीसाठी थांबणे चूकच. रुग्ण थेट टेबलावर घ्यावा. जखमा अनेक जागी असतील तर तिथेच मांडीच्या धमनीत सुई घालून डाय सोडावा आणि एक्स-रे काढावा. हाडही मोडले असेल तर आधी शंटने, म्हणजे तुटलेली टोके जोडणाऱ्या तात्पुरत्या नळीने, रक्त चालू करावे, मग हाड स्थिर करावे, शेवटी दुसऱ्या पायाची शीर काढून धमनीच्या तुटलेल्या भागात उलटी करून जोडावी. सरळ ठेवली तर तिच्या झडपा प्रवाह अडवतात. प्रवाह परतल्यावर पोटरी सुजते. दोन चिरांतून पोटरीच्या स्नायूंचे चारही कप्पे मोकळे करायला उशीर झाला, तर घोट्याला नाडी लागत असतानाही आतले स्नायू मरतात.