खुब्याचं ऑपरेशन पुण्यात, घर तीनशे किलोमीटरवर

पुण्यात खुब्याचा सांधा बदलून घेणाऱ्यांत बाहेरगावचे पेशंट पुष्कळ असतात. लातूर, बार्शी, परळी, पंढरपूर, चिपळूण. कुणाची मुलगी वाकडला राहते म्हणून, कुणाला गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून. ऑपरेशन नीट पार पडतं, पेशंट वॉकर धरून वॉर्डात चालायला लागतो, आणि डिस्चार्जचा विषय निघाला की घरचे हमखास विचारतात, "डॉक्टर, रस्त्याला खड्डे फार आहेत. सांधा निसटणार नाही ना?"

काळजी खरी आहे, पण या प्रवासात सर्वांत जास्त सांभाळायचं ते काही वेगळंच. खड्ड्यांनी दुखेल, पेशंट कळवळेल, पण नीट बसवलेला सांधा त्यांनी सहसा बिघडत नाही. सहा-सात तास एकाच जागी बसून राहणं मात्र खरोखर महागात पडू शकतं.

आधी खड्ड्यांचं पाहू. बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना असे कृत्रिम सांधे बसवले की ज्यांच्या आतच भार मोजणारी यंत्रणा होती. त्यामुळे जिवंत माणूस चालताना, जिना चढताना खुब्यावर नेमका किती भार येतो हे थेट मोजता आलं. साधं चालताना तो शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भरला, जिन्यावर किंचित जास्त. दोन रुग्ण मोजमाप चालू असताना अवचित अडखळले, तेव्हा तो सात ते साडेआठपटींच्या घरात गेला. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईंच्या खुब्यावर चालताना दीडशे किलो आणि अडखळताना चारशे-पाचशे किलो. गाडीत बसलेल्या माणसाचं वजन मात्र बैठकीच्या हाडांवर आणि मांड्यांवर विसावलेलं असतं, खुब्याच्या सांध्यातून त्यातलं फारच थोडं जातं. ज्या सांध्यावर डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी उभं केलं, तो गाडीच्या हादऱ्यांनी ढिला होईल असं मानायला कारण नाही. मला तर खड्ड्यांपेक्षा ढाब्याच्या ओल्या फरशीची भीती जास्त वाटते.

सांधा निखळतो तो पाय चुकीच्या कोनात गेल्याने. आपल्या मांडीच्या हाडाचा मूळचा गोळा साधारण ४५ ते ५० मिलिमीटर व्यासाचा असतो. कृत्रिम बॉल बहुधा २८, ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा. गोळा लहान म्हणजे तो ज्या वाटीत फिरतो तिच्या काठापर्यंत पोहोचायला त्याला कमी अंतर लागतं. त्यात ऑपरेशनसाठी सांध्याभोवतीचं आवरण आणि काही स्नायू कापून पुन्हा शिवलेले असतात आणि ते घट्ट भरून यायला सहा ते बारा आठवडे जातात. मागच्या बाजूने चीर घेतली असेल तर धोक्याची ठेवण ठरलेली असते: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकलेला, गुडघा आत आलेला, मांडी आतल्या बाजूला फिरलेली. बुटक्या गाडीच्या सीटवर रुतून बसलं, गुडघे कमरेच्या वर आले आणि पायाशी पडलेला मोबाइल उचलायला माणूस वाकला, की ही ठेवण जवळपास जुळून येते. पुढून चीर घेतलेल्या ऑपरेशनात जपायच्या हालचाली वेगळ्या असतात, आणि हल्ली काही सर्जन पूर्वीइतकी बंधनं घालत नाहीत. म्हणून आपली चीर कुठून घेतली आणि कोणत्या हालचाली टाळायच्या, हे डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट विचारून कार्डावर लिहून घ्यावं.

गाडी निवडताना लोक एसी बघतात, मी सीटची उंची बघायला सांगेन. उभं राहिल्यावर सीट मांडीच्या मध्याच्या आसपास येईल अशी गाडी बरी. छोट्या गाडीत खाली बसावं लागतं, तर जीपसारख्या उंच गाडीत पाय उचलून चढावं लागतं, दोन्ही गैरसोयीचं. ड्रायव्हरशेजारची सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी कलती करायची, बैठकीवर घट्ट उशी ठेवायची आणि तिच्यावर प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरायची. गाडी फुटपाथला चिकटून नको, जरा अलीकडे सपाट रस्त्यावर उभी हवी. पेशंटने वॉकर धरून पाठमोरं सीटपर्यंत यायचं, सीटची कड पायांना लागली की ऑपरेशनचा पाय पुढे सरळ सोडायचा, एक हात सीटच्या पाठीवर टेकवून सावकाश बसायचं आणि मागे रेलत आत सरकायचं. मग कंबर आणि दोन्ही पाय एकत्र वळवून आत घ्यायचे. पिशवीमुळे अंग सहज फिरतं, पाय पिळला जात नाही. आत बसलं की पिशवी काढून टाकायची, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस पुढे घसरतो. मदतीला उभ्या असलेल्या चौघांनी चार बाजूंनी ओढण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टकडून ही कृती आदल्या दिवशी एकाने शिकून घ्यावी.

आता मुख्य गोष्ट, रक्ताची गुठळी. शिरांमध्ये गुठळी होण्याची तीन कारणं वैद्यकात रुडॉल्फ फिर्खो या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या नावाने सांगितली जातात: रक्त साचून राहणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये ही तिन्ही एकदम हजर होतात. जुना गोळा बाहेर काढताना पाय वाकवून पिळावा लागतो, तेव्हा जांघेतली मोठी शीर काही काळ मुडपली जाते. हाड कोरताना मगजातले पदार्थ रक्तात उतरतात आणि गोठण्याची साखळी सुरू होते. पुढे बरेच दिवस माणूस एरवीपेक्षा खूप कमी चालतो. गुठळी पायातच राहिली तर सूज आणि वेदना. तिचा तुकडा सुटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकला तर जीव जाऊ शकतो.

नुसत्या बसण्याने काय होतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं त्याला बरीच वर्षं झाली. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लोक रात्र रात्र आश्रयस्थानांत घडीच्या खुर्च्यांवर बसून काढत होते. खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुतायची. अशा लोकांमध्ये फुफ्फुसात गुठळी अडकून अचानक मृत्यू होत असल्याचं कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने त्याच वर्षी नोंदवलं. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतले सर्जन जॉन होमन्स यांनी लांबच्या विमानप्रवासानंतर झालेल्या गुठळ्यांबद्दल लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, रेल्वे, बस किंवा मोटार. हे धडधाकट लोकांचं झालं. आपला पेशंट तर नुकता ऑपरेशन होऊन निघालेला.

पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवण्याचं बरंचसं काम पोटरीचे स्नायू करतात, म्हणून डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. पोटरी आवळली की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. पाय लोंबकळत सोडून बसलं की हे काम थांबतं. म्हणून गाडीत दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली करायची, दहा-वीस वेळा, पोटरी ताठ झाल्याचं जाणवेल इतक्या जोराने. पेशंटला झोप लागली तर मागे बसलेल्याने उठवायचं, त्यात संकोच नको.

आणि थांबायचं. लातूरचा रस्ता सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. यवत, भिगवण, टेंभुर्णी, बार्शी, मुरूड असे थांबे आधीच ठरवले तर साधारण तासा-सव्वातासाने पेशंट उतरतो, वॉकरवर पाच मिनिटं फिरतो. वॉकर डिकीत सगळ्यांत वर ठेवावा. तो सामानाच्या तळाशी गेला, की "राहू दे, आता पोहोचूच" असं म्हणून पुढचे दोन थांबे चुकतात.

बसण्याची सुरुवात गाडीत होते असंही नाही. माझ्या आत्याला सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितला होता. विम्याची मंजुरी आणि बिलाचे कागद होईपर्यंत चार वाजले, आणि तेवढा वेळ ती खाली लॉबीत खुर्चीवर बसून होती, कारण खाट दुसऱ्या पेशंटला दिली होती. मग तिथून घराकडे रात्रीचा प्रवास. हे मला अजूनही खटकतं. मंजुरीचे कागद आदल्या दिवशीच पाठवायला सांगावेत, उशीर झाला तर मुलीकडे किंवा पाहुण्यांकडे रात्र काढून पहाटे निघावं, आणि लॉबीत बसावं लागलंच तर तिथेही फेऱ्या माराव्यात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वाटेत बाथरूमची सोय कशी असेल या धास्तीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शरीरात पाणी कमी पडलं की रक्त दाटतं, लघवीला जळजळ होते, उठल्यावर चक्कर येते, आणि चक्कर म्हणजे पडणं. ढाब्यावरच्या भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसायला तर परवानगीच नसते. कमोडची घडीची खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, घरी ती लागतेच, मग गाडीतच घालून न्यावी. कमोड असलेली हॉटेलं आधी फोन करून हेरून ठेवणं हे घरातल्या तरुणांचं काम.

रेल्वेने जाता येत असेल तर पाय मोकळे करायला ती बरी. चढ-उताराचा मात्र विचार करावा: डब्याच्या पायऱ्या उंच, मधल्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबणार, आणि खालचा बर्थ पक्का हवा. स्लीपर बस मी सुचवणार नाही. वरच्या बर्थवर चढणं अशक्य, खालच्यात शिरताना खुबा वाकतोच, आणि मनासारखं थांबता येत नाही.

रक्त पातळ ठेवणारं औषध, पोटावर घ्यायचं इंजेक्शन असो की गोळी, खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुधा ३५ दिवसांपर्यंत दिलं जातं. कारण अनेक गुठळ्या घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढतात. गावी पोहोचलो, बरं वाटतंय, म्हणून ते मनाने बंद करू नये. ही इंजेक्शनं २५ अंशांखाली ठेवायची असतात, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापमान होतं. ती बर्फावरही नकोत, गोठता कामा नयेत. सावलीतल्या पिशवीत, माणसाबरोबर. दुखण्याची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, पण तिने गुंगी येत असेल तर उतरताना आधार हवाच.

ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज सगळ्यांनाच असते. पाय उंचावर ठेवून झोपल्यावर ती सकाळी उतरते. जी उतरत नाही, एकाच पोटरीत वाढत जाते, पोटरी दाबली की दुखते, गरम लागते, तिच्यासाठी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय का हे दाखवणारी तपासणी, करायची, शेक द्यायचा नाही, मालिश तर मुळीच नाही. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर पुण्याच्या डॉक्टरांच्या फोनची वाट न बघता १०८ ला फोन करून जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगायचं, "खुब्याचं ऑपरेशन झालंय, इतके दिवस झाले." पायात जोराची कळ येऊन तो आखूड किंवा पिळल्यासारखा दिसला, तर सांधा निखळल्याची शंका. पाय ओढून सरळ करू नये, आडवं ठेवूनच न्यावं.

टाके साधारण बारा ते चौदा दिवसांनी निघतात आणि ते गावच्या डॉक्टरांकडे काढता येतात. पण जखमेतून पाणी येत असेल किंवा कडा लाल झाल्या असतील, तर तिथे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी सर्जनला फोटो पाठवून बोलावं. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले असतील तर त्यांचा नमुना आधी घ्यावा लागतो, गोळ्या सुरू झाल्या की तो नीट मिळत नाही.