माहिती आणि तपशील: लिहिताना हे दोन वेगळे का?

लेख कंटाळवाणा वाटतोय असं कळलं की आपण त्यात आणखी माहिती घालतो. लेख लांबतो, वाचक तरीही निसटतोच. बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो तपशील. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, ‘कार्यक्रमाचा तपशील कळवा’ म्हणतो. लिहिताना मात्र त्यांची कामं वेगळी आहेत.

पानशेतचा पूर घ्या. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठा बुडाल्या. ही माहिती. ती नसेल तर लेख उभाच राहणार नाही. पण एवढं वाचून वाचक थबकत नाही. असे पूर त्याने बरेच वाचलेले असतात.

आता हे पाहा: पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल साचला होता आणि तो धुवायला नळाला पाणी नव्हतं. शहराला पाणी खडकवासल्याहूनच यायचं. जुन्या वाड्यांतल्या विहिरींवर पुन्हा पोहरे गेले. पुरात बुडालेलं शहर पाण्यासाठी वणवण करतंय, हे वाचलं की पुढचं वाचल्याशिवाय राहवत नाही. शिवाय शहर या धरणावर किती अवलंबून होतं, तेही वेगळं सांगावं लागत नाही.

लहानशी गोष्ट म्हणजे तपशील, असा एक समज आहे. तो मला पटत नाही. धरणाच्या भिंतीची उंची फुटाइंचात दिली तरी ती माहितीच राहते. याउलट, धरण फुटण्याच्या आदल्या रात्री लष्कराचे जवान भिंतीवर पोती रचत होते, या एका वाक्यात माणसांचे हात दिसतात आणि धोका तिथे कळून चुकला होता हेही दिसतं. तपशिलात कारण दडलेलं असतं.

‘आभाळ भरून आलं होतं, वारा घोंघावत होता’ हे तपशिलासारखं दिसणारं भरताड. तेच वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही गावच्या पुरात टाकलं तर चालेल का, हे पाहायचं. चालत असेल तर खोडायचं. कोरड्या नळाचं वाक्य असं हलवता येत नाही.

क्रमाबद्दल माझं मत: सुरुवात कोरड्या नळाने करावी, पण साल आणि ठिकाण लगेच द्यावं. ते ताणून धरलं की वाचक वैतागतो.

माहिती ग्रंथालयात, जुन्या वर्तमानपत्रांत मिळते. तपशील बहुधा माणसांकडे असतो, आणि तो नीट विचारल्याशिवाय हाती लागत नाही. ‘पूर आला तेव्हा काय झालं?’ असं विचारलंत तर तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं उत्तर येईल. ‘दुसऱ्या दिवशी चहाला पाणी कुठून आणलंत?’ असं विचारून पाहा. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे लवकर जा.