कक्षकांचा क्रम आणि स्पिनचा क्रम: आलटून-पालटून नेमकं काय?

लँथॅनम मँगनाइट (लँथॅनम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक) याबद्दल वाचताना एक गल्लत हमखास होते. 'एका आडव्या प्रतलात शेजारच्या मँगनीज अणूंवर कक्षक (ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ढगाचे आकार) आलटून-पालटून मांडलेले असतात' असं वाचलं की स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे चुंबकी बाण, हेही वर-खाली असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या प्रतलात सगळे स्पिन एकाच दिशेला असतात.

स्पिनचा क्रम म्हणजे चुंबकी बाणांची दिशा ठरणं. कक्षकांचा क्रम म्हणजे इलेक्ट्रॉनचा ढग कोणत्या अक्षावर लांबट होणार हे ठरणं. ढगाला लांबी असते, बाण नसतो. त्यामुळे नुसत्या कक्षकक्रमाने पदार्थ चुंबकी होत नाही. तापमानंही निराळी: इथे कक्षक साधारण 750 केल्विनखालीच जागा धरतात, स्पिन थेट 140 केल्विनच्या आसपास.

तरीही स्पिनची मांडणी ठरवतात ते कक्षकच, आणि मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. मँगनीजच्या 3डी कक्षकांत चार इलेक्ट्रॉन असतात. तीन खालच्या पातळीत, चौथा वरच्या दोन कक्षकांपैकी एकात. मधल्या ऑक्सिजनवरून हा चौथा शेजाऱ्याकडे क्षणभर डोकावतो. समोरचा कक्षकही एका इलेक्ट्रॉनने भरलेला असेल तर पाउली तत्त्वामुळे (एका कक्षकात समान स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत) उलट स्पिनलाच तिथे शिरता येतं. स्पिन विरुद्ध होतात. समोर रिकामा कक्षक असेल तर हुंडच्या नियमानुसार (एकाच अणूतल्या वेगवेगळ्या कक्षकांतले स्पिन समांतर असणं पसंत करतात) समांतर स्पिनमध्ये ऊर्जा वाचते. कक्षक आलटून-पालटून असले की भरलेल्यासमोर रिकामा येतो, म्हणून प्रतलात स्पिन समांतर. उभ्या अक्षावर मात्र लांबट ढग पोचतच नाही. तिथे खालच्या तिघांचं चालतं आणि थराथरात दिशा उलटते. वोलन आणि कोलर यांनी 1955 मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने (न्यूट्रॉन स्फटिकावर विखुरून स्पिनची मांडणी ओळखण्याच्या पद्धतीने) हीच थरांची मांडणी टिपली, आणि गुडइनफ यांनी त्याच वर्षी तिची कारणमीमांसा केली.

इट्रियम व्हॅनेडियम ऑक्साइडमध्ये (YVO₃) हे नातं उघड्यावर येतं. 77 केल्विनच्या वर, साधारण 116 केल्विनपर्यंत, उभ्या अक्षावर कक्षक आलटून-पालटून आणि स्पिन समांतर; त्याखाली थंड केलं की कक्षक एकसारखे होतात आणि स्पिन विरुद्ध. दोन्ही मांडण्या एकाच तापमानाला, एकदमच पालटतात.