ऊब हवी, तर मादीचा वास

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या उत्तरेला नार्सिस नावाची एक वस्ती आहे. एप्रिल संपता संपता तिथल्या चुनखडीच्या खड्ड्यांतून हजारो साप वर येतात आणि तीन-चार आठवडे एकमेकांवर वळवळत असतात. हे बघायला लोक पोराबाळांना घेऊन येतात, कारण हे गार्टर साप माणसाला काही करत नाहीत. आपल्याकडच्या नानेटीचे आणि दिवडाचे हे लांबचे भाऊबंद, एकाच उपकुळातले. नानेटी अंडी घालते, गार्टर सापाच्या मादीला मात्र थेट पिल्लं होतात.

इथला हिवाळा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. साप बाहेरच्या उष्णतेवर जगणारा प्राणी. त्याला इथे तगायचं तर जमिनीत इतकं खोल जावं लागतं की तिथे पाणीही गोठू नये. चुनखडीतल्या खोल भेगा त्यासाठी सोयीच्या, पण अशा जागा मोजक्याच. त्यामुळे उन्हाळाभर दूरदूरच्या दलदलींत बेडूक खात फिरणारे साप शरद ऋतूत कित्येक किलोमीटर सरपटत येतात आणि त्याच त्या खड्ड्यांत गर्दी करतात. तिथेही खात्री नसते. १९९८-९९च्या हिवाळ्यात बर्फाचा जाड थर साचायच्या आधीच कडाका पडला आणि हजारो साप भेगांमध्येच मेले.

वसंतात नर आधी बाहेर येतात आणि खड्ड्याच्या तोंडाशीच मुक्काम ठोकतात. माद्या नंतर, एक-एक करून येतात. मादी दिसली की दहा-वीस, कधी त्याहून कितीतरी जास्त नर तिच्यावर तुटून पडतात आणि सापांचा एक जिवंत गोळा तयार होतो. त्या गोळ्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. मादीच्या कातडीवर तेलकट रसायनं असतात, मिथाइल कीटोन वर्गातली. ती १९८९मध्ये ओळखली गेली. ही रसायनं हवेतून फारशी दूर जात नाहीत, त्यामुळे नराला जीभ प्रत्यक्ष अंगाला लावूनच खात्री करावी लागते. एकदा खात्री पटली की तो हनुवटी तिच्या पाठीवर दाबून पुढेमागे सरकत राहतो.

या नरांची आणखी एक गंमत आहे. वसंतात त्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हॉर्मोन, अगदी कमी असतं. शुक्राणू आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन साठवलेले असतात. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ डेव्हिड क्रूज यांनी दाखवलं की या सापांची प्रणयाची ऊर्मी जागी होते ती दीर्घ थंडीनंतर अंगाला मिळालेल्या उष्णतेने. नर आणि हॉर्मोन यांचं जे सरळसोट समीकरण आपण शाळेत शिकतो, ते इथे लागू पडत नाही.

आता मुख्य भानगड. खड्ड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संशोधकांना दिसलं की काही गोळ्यांच्या मध्यभागी मादी नसतेच. तिथे असतो एक नर, आणि त्याच्या अंगाला वास मात्र मादीसारखा. (आपल्याकडे एकमेकांना विळखे घालून उभ्या राहिलेल्या धामणींना जोडपं समजून लोक हात जोडतात, ते बहुतेक वेळा झुंजणारे दोन नर असतात. इथला प्रकार मात्र झुंजीचा नाही. बाकीचे नर खरोखर प्रणय करत असतात.)

रॉबर्ट मेसन आणि क्रूज यांनी १९८५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचा अर्थ लावला तो असा: हा तोतया नर प्रतिस्पर्ध्यांना आपल्या मागे लावतो, त्यांचा गोंधळ उडवतो आणि तेवढ्यात खऱ्या मादीशी स्वतः जुळवून घेतो. त्यांच्या चाचण्यांत असे नर खरोखर जास्त वेळा यशस्वी झाले. कथा चटकदार होती आणि ती गाजलीही. पण माझ्या मते तिच्यात जीवशास्त्राची एक जुनी खोड डोकावते. विणीच्या हंगामात प्राणी काहीही विचित्र करताना दिसला, की त्यामागे मादी मिळवण्याचा डावच असणार असं आपण आधीच धरून चालतो.

पुढे ऑस्ट्रेलियाचे सर्पतज्ज्ञ रिक शाइन नार्सिसला आले आणि हे तोतये नेमके कोण याचा शोध घेऊ लागले. निघाले ते नुकतेच जमिनीतून वर आलेले नर. अंगाला चिखल, हालचाल मंद, शरीर गारठलेलं. त्यांना मादीमागे धावण्यात काही रस नव्हता आणि तेवढी ताकदही नव्हती. बहुतेक नर या अवस्थेतून जातात आणि एक-दोन दिवसांत तो वास निघून जातो. मग फायदा कसला? शाइन यांच्या गटाने २००१मध्ये, पुन्हा ‘नेचर’मध्येच, उत्तर दिलं: ऊब आणि संरक्षण. उन्हात तापलेले डझनभर नर अंगाला अंग घासू लागले, तर गारठलेल्या सापाला फुकटची शेकोटीच मिळते. तो उघड्यावर पडलेलाही राहत नाही. खड्ड्यांभोवती कावळे टपलेले असतात, आणि त्यांची पद्धत अशी की सापाच्या पोटाला चोच मारून फक्त यकृत काढून खायचं, बाकीचा साप तसाच टाकून द्यायचा. ज्याला चपळाईने पळता येत नाही त्याने अशा वेळी गर्दीत दडलेलं बरं. २००१च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत स्वतः मेसनही होते, हे मला विशेष आवडतं.

२०१२मध्ये शाइन आणि मेसन यांनी आणखी एक दुवा जोडला. असा मादीवासाचा नर थंड ठेवला की इतर नर त्याच्यामागे लागतात, त्याला गरम केलं की त्यांचा रस संपतो. म्हणजे ऊब मिळाली की तिची गरज उरत नाही, आणि नेमकं तेव्हाच हे आकर्षणही ओसरतं. त्याच वर्षी मेसन यांच्याच प्रयोगशाळेतून आलेल्या दुसऱ्या संशोधनात नरांच्या शरीरात इस्ट्रोजेन हे मादीचं हॉर्मोन सोडण्यात आलं, तर ते मादीची रसायनं बनवू लागले. म्हणजे ती बनवण्याची यंत्रणा नराच्या कातडीत असतेच, चालू व्हायची तेवढी बाकी असते.

आता राहतो फसणारा नर. त्याची उष्णता जाते, वेळ जातो, तरी तो इतका भोळा का? कारण माद्या थोड्या, नर भरमसाट, आणि खरी मादी हातची गेली तर तो तोटा एका गारठलेल्या नरावर घालवलेल्या अर्ध्या तासापेक्षा फार मोठा. त्यामुळे जिभेला मादीची चव लागली की जास्त चौकशी न करता भिडलेलं परवडतं. शिवाय दोन दिवसांपूर्वी तोही असाच चिखलाने माखून वर आला होता आणि इतरांच्या अंगावर शेकून निघाला होता.