२ चा ६७वा घात वजा १ : एका एकवीस अंकी संख्येची पार्श्वभूमी

२ चा ६७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. फ्रेंच धर्मगुरू मारां मर्सेन यांनी १६४४ मध्ये तिला मूळ संख्यांत बसवले, १८७६ मध्ये ती मूळ नसल्याचे ठरले, आणि तिचे अवयव हाती यायला १९०३ साल उजाडले. या तीन तारखांपैकी शेवटच्या दोहोंमधले अंतर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

अशा संख्यांचे आकर्षण परिपूर्ण संख्यांमुळे निर्माण झाले. ६ किंवा २८ यांसारखी संख्या तिच्याहून लहान असलेल्या तिच्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असते, आणि २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या तयार करता येते, हे युक्लिडने सिद्ध केले होते. त्यासाठी घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. घातांक ११ घेतल्यास २०४७ मिळते आणि ती २३ व ८९ यांचा गुणाकार आहे.

अशी मूळ संख्या देणारे म्हणून मर्सेन यांनी २५७ पर्यंतचे ११ घातांक दिले. त्यांतले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, तर ६१, ८९ व १०७ राहून गेले. इतक्या मोठ्या संख्या तपासण्याचे साधनच त्या काळी नव्हते, हे ध्यानात घेता यादीतील चुकांबद्दल त्यांना फार दोष देता येत नाही.

ते साधन फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी दिले, आणि १८७६ चा निकालही त्यांचाच. अमेरिकन गणिती डी. एच. लेहमर यांनी पुढे सुटसुटीत केलेल्या त्याच्या रूपात ४ पासून आरंभ करून प्रत्येक पदाचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. ६६व्या पदाला बाकी शून्य आली तरच आपली संख्या मूळ. संख्या संयुक्त असल्याचे ही कसोटी निःसंशय सांगते, मात्र एकही अवयव दाखवत नाही.

अवयव शोधण्याचे काम कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल यांनी केले. या संख्येच्या प्रत्येक विभाजकाला १३४ ने भागल्यास बाकी १, आणि ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरते. एवढ्या अटी लावूनही लहान अवयवापर्यंत सव्वासात लाखांच्या आसपास उमेदवार उरतात, म्हणून कोल यांनी वर्गशेषांच्या, म्हणजे पूर्ण वर्गांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या, आधारे ते आणखी कमी केले. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन अवयव मांडले. त्यांनी फळ्यावर एक शब्दही न बोलता गुणाकार करून दाखवला, ही हकीकत गणिताच्या इतिहासावर लिहिणारे ई. टी. बेल यांच्या लेखनातून प्रसिद्ध झाली. तिचा तपशील जपूनच घ्यावा, गुणाकार मात्र कोणीही पडताळून पाहू शकतो.

१९७७ मध्ये पुढे आलेली आरएसए ही गुप्तलेखन पद्धती, संख्या मूळ आहे की नाही हे कळणे आणि तिचे अवयव सापडणे यांमधल्या याच अंतराचा उपयोग करते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे अंक वाढले तरी आटोक्यात राहणाऱ्या वेळात, खात्रीने ठरवणारी रीत सिद्ध केली. अवयवांचा पत्ता तिच्यातूनही लागत नाही, आणि ते शोधण्याची तशी रीत नेहमीच्या संगणकांसाठी अद्याप कोणाला सापडलेली नाही.