गोळीने मूल शांत झालं म्हणजे निदान पक्कं?

पहिली घटक चाचणी होते, पालकसभा होते आणि बाई हलक्या आवाजात सांगतात, "एका जागी बसत नाही, वही कायम अर्धी. एकदा कुणाला तरी दाखवून घ्या." घर घोडबंदर रोडवरचं असो की कोपरखैरण्यातलं, पुढचे संवाद सारखेच. आजी म्हणते, "याचा बाप तरी कुठे बसायचा?" (हे वाक्य विज्ञानाला धरून आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघते.) शेजारच्या काकू बजावतात की एडीएचडीवरच्या गोळ्या झोपेच्या असतात. आणि कोणीतरी छातीठोक सांगतं, "माझ्या भाच्याला दिली, पहिल्याच दिवशी शांत झाला. म्हणजे त्याला ते होतंच."

सगळ्यांत शहाणं वाटतं ते हे शेवटचं विधान, आणि सगळ्यांत जास्त दिशाभूलही तेच करतं. त्यामागचा तर्क असा: औषध उत्तेजक आहे, साध्या मुलाला दिलं तर ते आणखी उधळेल, हा शांत झाला, अर्थात याचा मेंदू वेगळा. १९७८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. कसलाही त्रास नसलेल्या १४ मुलग्यांना डेक्स्ट्रोॲम्फेटामिन या उत्तेजकाचा एकेक डोस दिला. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, त्यांचंही लक्ष सुधारलं. औषध बहुतेक सगळ्यांवर त्याच दिशेने काम करतं. त्यामुळे 'देऊन बघू, फरक पडला तर एडीएचडी' हा मार्ग निदानासाठी बाद. निदान गोळीच्या आधी व्हायला हवं.

उत्तेजकाचा हा गुण सापडला तोही अपघाताने. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड इथे चार्ल्स ब्रॅडली यांच्याकडे मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढण्यासाठी मणक्यातलं पाणी काढून हवा भरावी लागे, आणि त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. डोकेदुखीला फारसा उपयोग झाला नाही, पण ३० पैकी १४ मुलांचा शाळेतला अभ्यास थक्क करणारा सुधारला. आज भारतात एडीएचडीसाठी मुख्यतः वापरलं जाणारं उत्तेजक, मिथाइलफेनिडेट, १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं.

आता उत्तेजक औषधाने मूल बसतं कसं, ते पाहू. हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण डोस, दुष्परिणाम आणि व्यसनाची भीती या तिन्हींची उत्तरं इथेच आहेत.

कपाळाच्या लगेच मागे मेंदूचा जो भाग असतो, तो प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. बाईंनी सांगितलेलं वाक्य लिहून होईपर्यंत डोक्यात धरायचं, खिडकीबाहेरच्या रिक्षाकडे दुर्लक्ष करायचं, ओठांवर आलेलं उत्तर हात वर होईपर्यंत थोपवायचं, ही त्याची कामं. वाक्य 'धरायचं' म्हणजे काही मज्जापेशींनी एकमेकींना सतत संदेश देत फेर चालू ठेवायचा. फेर तुटला की वाक्य गेलं. हा फेर टिकतो दोन रसायनांच्या जोरावर: नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन.

ठाणे स्टेशनात उभं राहून घोषणा ऐकायची तर दोन गोष्टी लागतात. भोंग्याचा आवाज खणखणीत हवा आणि फलाटावरचा कल्ला कमी हवा. नॉरॲड्रेनलिन पहिलं काम करतं. पेशींच्या टोकांवर एचसीएन नावाची सूक्ष्म दारं असतात. ती उघडी राहिली की येणारा संदेश वाटेतच झिरपून जातो. नॉरॲड्रेनलिन अल्फा-२ए या ग्राहकावर (पेशीवरच्या, रसायन पकडणाऱ्या जागेवर) बसतं आणि दारं लागतात, संदेश पुढे पोचतो. डोपामिन डी-१ ग्राहकामार्फत दुसरं काम करतं: या क्षणी बिनकामाचे संदेश दाबून टाकतं. पण दोघांचंही प्रमाण बेताचं लागतं. आलेख काढला तर तो डोंगरासारखा दिसतो. कमी असेल तर लक्ष विखुरतं, वाढवत नेलं तर माथ्यापर्यंत सुधारतं आणि माथा ओलांडला की पुन्हा घसरतं. भोंगा फार मोठा केला की तोच घरघरू लागतो, तसं.

पेशीबाहेर सोडलेलं डोपामिन किंवा नॉरॲड्रेनलिन तिथेच पडून राहत नाही. पेशीच्या भिंतीवरचे ट्रान्सपोर्टर, म्हणजे सरळ शब्दांत पंप, ते उपसून परत आत घेतात. मिथाइलफेनिडेट या दोन्ही पंपांच्या तोंडाशी जाऊन बसतं. उपसा मंदावतो आणि बाहेरचं प्रमाण वाढतं. मेंदूशास्त्रज्ञ नोरा वोल्कोव यांच्या गटाने पेट स्कॅनवर (मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणाऱ्या तपासणीत) दाखवलं की नेहमीच्या डोसमध्ये डोपामिनचे निम्म्याहून जास्त पंप अडवले जातात.

गंमत पुढे आहे. मेंदूच्या खोल भागात, स्ट्रायाटममध्ये, डोपामिनचे पंप दाटीवाटीने असतात. कपाळामागच्या भागात मात्र ते अगदी विरळ, त्यामुळे तिथलं डोपामिनसुद्धा नॉरॲड्रेनलिनचाच पंप उपसतो. म्हणूनच ॲटोमोक्सेटिन हे दुसरं औषध, जे फक्त नॉरॲड्रेनलिनचा पंप अडवतं, तेही कपाळामागे दोन्ही रसायनं वाढवतं. मौजेशी आणि व्यसनाशी जोडलेल्या खोल भागातल्या डोपामिनला ते हात लावत नाही, त्यामुळे त्याची नशा होत नाही.

मग मिथाइलफेनिडेटचं काय? इथे वेग महत्त्वाचा. तेच औषध शिरेतून टोचलं तर मेंदूत काही मिनिटांत चढतं आणि धुंदी येते. तोंडाने घेतलेली गोळी तास-दीड तासात हळूहळू चढते. पंप तितकेच अडतात, पण धुंदी येत नाही. 'सवय लागेल का' या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या संथ चढणीत आहे. गैरवापर मात्र होऊ शकतो. म्हणून हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत मेडिकलवाल्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, आणि ते विकण्याचा परवाना प्रत्येक मेडिकलकडे नसतो. शेवटची पट्टी संपायच्या आठवडाभर आधीच चौकशी करावी आणि पट्टी घरात मोठ्यांच्या ताब्यात ठेवावी.

डोंगराच्या आलेखाचा सरळ परिणाम डोसवर होतो. तापाच्या औषधासारखं वजनाला गुणून इथे भागत नाही, कारण प्रत्येक मुलाचा माथा वेगळ्या जागी असतो. सहा वर्षांवरच्या मुलाला साधारण ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा देऊन सुरुवात होते, आणि दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमने वर जातात. दिवसाची कमाल मर्यादा ६०, बहुतेकांना त्याच्या बरंच खाली पुरतं. मूल गप्प, निर्विकार, 'आमचा राहिलाच नाही' असं दिसू लागलं तर माथा ओलांडलाय. तो गोळीचा 'परिणाम' समजून गप्प बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

हे सगळं निदान पक्कं झाल्यावरचं. त्याआधी काय काय तपासायचं याची यादी मोठी आहे, आणि घाई नेमकी इथेच होते. लक्षणं सहा महिने टिकलेली हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फक्त ट्यूशनला त्रास होत असेल तर आधी ट्यूशन तपासा. पालक आणि वर्गशिक्षक यांनी वेगवेगळे भरायचे व्हँडरबिल्ट फॉर्म असतात. त्यात पहिले अठरा प्रश्न लक्षणांचे: नऊ अवधानाचे, नऊ चंचलतेचे. उत्तरं ० ते ३. 'बऱ्याचदा' म्हणजे २ किंवा 'नेहमी' म्हणजे ३, एवढीच मोजायची, आणि नऊपैकी सहा भरली तर पुढचा विचार. जूनमध्ये नव्याने वर्ग घेतलेल्या बाईंकडून पहिल्याच आठवड्यात भरून घेतलेला फॉर्म निरुपयोगी.

घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल नाकामागच्या वाढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथीमुळे रात्री नीट झोपत नसेल तर दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं. दिवसातून अनेकदा पाच-दहा सेकंद नजर थिजते, हाक मारली तरी ऐकू येत नाही, अशा मुलात ॲब्सेन्स प्रकारची फिट असू शकते. डॉक्टर तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, बऱ्याचदा समोरच झटका दिसतो. कान आणि डोळे तपासायचे, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायचं, वाचन-लेखनाची अडचण वेगळी आहे का तेही. आणि वय. आपल्या पहिलीच्या वर्गात साडेपाच आणि साडेसहा वर्षांची मुलं एकाच बाकावर असतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ३१ डिसेंबर ही शाळाप्रवेशाची सीमा आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी २०१२ मध्ये तपासल्या, तेव्हा जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान ३० टक्के आणि औषध ४१ टक्के जास्त मिळालेलं दिसलं. वर्गात सगळ्यांत लहान असणं हा आजार नाही. बाईंनी तुलना कोणाशी केली, हे विचारायलाच हवं.

या टप्प्यावर पैसे उकळणारेही भेटतात. डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावणाऱ्या मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या वर्गात मूल नाकाशेजारच्या फटीतून बघत असतं. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचे प्रकार सांगणाऱ्या डीएमआयटी चाचणीला कसलाही वैज्ञानिक आधार नाही. यात जाणारे हजारो रुपये वर्तनोपचाराच्या बैठकांना लावा. साखर बंद करूनही काही होत नाही. पालकांना माहीत नसताना केलेल्या चाचण्यांत साखरेने मुलं चेकाळत नाहीत असंच दिसलं. दृष्ट काढल्याने नुकसान नाही, पण तेवढ्यावर सहा महिने घालवले तर आहे.

सहा वर्षांखालच्या मुलाला आधी औषध नको. आधी पालकांचं प्रशिक्षण: एका वेळी एकच सूचना, लगेच कौतुक, ठरलेली दिनचर्या. मोठ्या मुलांतही आधी शाळेतली बसायची जागा, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे, झोप हे बदलून बघतात. एवढं करूनही रोजचं जगणं अडत असेल तर गोळी.

मिथाइलफेनिडेटचा सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे त्याचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं. सकाळी दिलेली साधी गोळी तीन-चार तास चालते आणि संध्याकाळपर्यंत अंगातून गेलेली असते. गोळी सुरू करणं हा जन्माचा निर्णय ठरत नाही, तो चार-सहा आठवड्यांचा प्रयोग करता येतो. आणि प्रयोग म्हटलं की मोजमाप आलं. गोळीच्या आधीचा एक आठवडा नुसता नोंदवा. मोजता येतील अशा तीनच गोष्टी निवडा: गणवेश घालायला किती वेळा सांगावं लागलं, फळ्यावरचं उतरवून पूर्ण झालं की नाही, जेवताना किती वेळा उठला. पहिला डोस रविवारी द्यावा, म्हणजे पहिले चार तास डोळ्यांसमोर जातात. पुढे डॉक्टरांशी ठरवून, डोस कधी वाढवला हे बाईंना न सांगता दर शुक्रवारी फॉर्म भरून घेतला तर उत्तर जास्त विश्वासाचं येतं.

गोळी सुरू करण्याआधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक दगावलं असेल, किंवा मूल धावताना कधी चक्कर येऊन पडलं असेल, तर ईसीजी आणि हृदयतज्ज्ञ आधी. डोस बदलला की नाडी-रक्तदाब पुन्हा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी. भूक कमी होणं जवळपास ठरलेलं. डबा भरलेला परत येतो. म्हणून पोहे, उपमा, अंडं, दूध असा भरपेट नाश्ता आधी, गोळी नंतर, आणि परिणाम उतरल्यावर रात्री साडेसात-आठला पूर्ण जेवण. पोटदुखी आणि डोकेदुखी बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत सरते.

सगळ्यांत जास्त गोंधळ वेळेचा होतो. आपल्याकडे कित्येक शाळा दोन अधिवेशनांत भरतात. दुपारच्या शाळेतल्या मुलाला 'सकाळी नाश्त्यानंतर' म्हणून आठला गोळी दिली तर साडेबाराच्या प्रार्थनेआधीच ती संपलेली असते, आणि पालक सांगतात की औषधाचा उपयोग नाही. अशा मुलाला अकराच्या जेवणानंतर, बस यायच्या आधी गोळी हवी. शाळा किती वाजता, क्लास किती वाजता, हे डॉक्टरांना कागदावर लिहून द्यावं. चारनंतर दिलेला डोस झोप उडवतो. जास्त वेळ काम करणारी गोळी मिळते, पण ती चुरडायची किंवा चावायची नाही. गोळी उतरताना तासभर चिडचिड होते, त्याच वेळी गृहपाठाला बसवलं तर भांडण ठरलेलं.

झोप किंवा भुकेचं फारच बिनसलं, किंवा घरात उत्तेजक औषध ठेवणं धोक्याचं असेल, तर ॲटोमोक्सेटिन. ते साध्या चिठ्ठीवर मिळतं. सुरुवात दर किलोला ०.५ मिलिग्रॅम, मग १.२ पर्यंत. पण पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत बंद करणारे फसतात. कॅप्सूल उघडू नये, पूड डोळ्यांना झोंबते. सुरुवातीच्या आठवड्यांत मूल अचानक खिन्न झालं किंवा मरणाचं बोलू लागलं तर थेट डॉक्टरांकडे.

चिठ्ठीवरचं औषध कोणत्या गटातलं आहे, हेही विचारा. चंचलपणासाठी म्हणून कधी रिस्पेरिडोन लिहिलं जातं. ते आक्रमकपणासाठी असतं, त्याने वजन आणि साखर वाढू शकते, लक्ष लागणं हे त्याचं काम नाही. क्लोनिडीन असेल तर ते स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, रक्तदाब उसळतो.

गोळीकडून काय मागायचं, याचा अंदाज औषध आणि वर्तनोपचार यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासातून येतो. ५७९ मुलं, चौदा महिने, निकाल १९९९ मध्ये. लक्षणांवर काटेकोर औषधयोजना नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरली, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर डोस कमी पुरला. पण तीन वर्षांनी गटांतला फरक मावळलेला होता, आणि नव्याने औषध घेणारी मुलं न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दोन सेंटीमीटरने कमी वाढली होती. गोळी पाढे शिकवत नाही, पाढे शिकायला बसता येईल एवढी जागा करून देते. त्या जागेत कोण काय शिकवतंय, यावर पुढची वर्षं ठरतात.

म्हणून वर्षातून एकदा, डॉक्टरांना सांगून, मिथाइलफेनिडेट थांबवून बघायचं. जून नको, तेव्हा वर्ग नवा असतो. परीक्षेचा महिना नको. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा आठवडा बरा: वर्ग रुळलेला असतो, बाई मुलाला ओळखत असतात. त्या आठवड्यात तेच अठरा प्रश्न, त्याच तीन नोंदी पुन्हा भरायच्या आणि गोळी चालू असतानाच्या कागदाशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवायच्या.